मनगटाचं हाड काय सांगतं, काय सांगत नाही: आफ्रिकेच्या अंडर-१७ चषकातली वयाची तपासणी

ऑक्टोबर २०१७ मध्ये फिफाचा अंडर-१७ फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्यात आफ्रिकेचे चार संघ होते: माली, घाना, गिनी आणि नायजर. गिनीने दोन सामने मडगावच्या फातोर्डा मैदानावर खेळले. तिथेच मालीने इराकला ५-१ असं धुतलं. घाना आणि नायजर एकमेकांशी भिडले ते नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आणि मालीचा स्पेनविरुद्धचा उपांत्य सामनाही तिथेच झाला. त्याआधी दिल्लीत घानाने भारताला ४-० हरवलं होतं. असे सामने पाहताना एक प्रश्न हमखास निघतो: ही मुलं खरंच सतरा वर्षांखालची आहेत का?

प्रश्न वाजवी आहे, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजानेच दिलं जातं. प्रत्यक्षात हे चारही संघ त्याच वर्षी गॅबनमध्ये झालेल्या आफ्रिकन अंडर-१७ चषकातून आले होते आणि तिथवर पोहोचताना वयाच्या तपासणीची चाळणी लागतेच. ती कशी चालते, कुठे पक्की आहे आणि कुठे गळते, हे नीट समजून घेतलं तर ‘सगळेच वय चोरतात’ आणि ‘मशीनने तपासलंय म्हणजे शंकाच नको’ ही दोन्ही टोकं सोडता येतात.

आधी स्पर्धेची थोडी ओळख. आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाची, म्हणजे कॅफची, ही स्पर्धा. १९९५ मध्ये माली देशात ती पहिल्यांदा भरली आणि घानाने जिंकली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ती होत आली. २०२१ ची मोरोक्कोतली स्पर्धा मात्र कोरोनामुळे रद्द झाली. बराच काळ अंतिम फेरीत ८ संघ असत. २०२५ मध्ये मोरोक्कोत प्रथमच १६ संघ खेळले आणि अंतिम सामन्यात यजमानांनी मालीला पेनल्टींवर हरवलं. अंतिम फेरीत येण्याआधी विभागीय पात्रता स्पर्धा असतात: उत्तर, मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या चार, शिवाय पश्चिम आफ्रिकेचे दोन गट, असे एकूण सहा विभाग.

चषकापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे इथूनच अंडर-१७ विश्वचषकाची तिकिटं मिळतात. पूर्वी उपांत्य फेरीतले चार संघ जात. २०२५ पासून विश्वचषक ४८ संघांचा झाला आणि आफ्रिकेला १० जागा मिळाल्या. म्हणजे १६ पैकी १० संघ पुढे. युरोपातल्या क्लबांचे निरीक्षक या सामन्यांना येतात आणि एखाद्या मुलाचं, कधी कधी त्याच्या अख्ख्या घराचं आयुष्य त्या तीन आठवड्यांत पालटू शकतं. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय बदली, काही अपवाद सोडले तर, अठरा पूर्ण झाल्यावरच होते. त्यामुळे ज्याच्या कागदावर सतरा आणि अंगात वीस वर्षांची ताकद आहे, त्याला क्लब अधिक पैसे मोजतात, कारण त्याच्या पुढे अजून बरीच वर्षं आहेत असं त्यांना वाटतं. वय लपवण्यामागचा खरा हिशेब हा आहे. त्यात मुलापेक्षा मध्यस्थ, अकादमी आणि कधी संघटनाच जास्त गुंतलेल्या असतात, आणि प्रकरण उघडकीला आलं की नाव मात्र मुलाचं खराब होतं.

आता ‘अंडर-१७’ म्हणजे नेमकं काय? नियम असा की स्पर्धेच्या वर्षातून १७ वजा करायचे आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला मुलगा पात्र. २०१७ साठी १ जानेवारी २०००, २०२५ साठी १ जानेवारी २००८. हिशेब करून पाहा: १ जानेवारी २००८ ला जन्मलेला मुलगा एप्रिल २०२५ मध्ये सतरा वर्षं तीन महिन्यांचा असतो आणि नोव्हेंबरातल्या विश्वचषकात सतरा वर्षं दहा महिन्यांचा. तो पूर्णपणे नियमात बसतो. मैदानावर ‘जवळजवळ अठरा’चा मुलगा दिसला तर ती चोरी असेलच असं नाही. आणि समोरच्या संघात पंधराचा मुलगा असू शकतो, तोही नियमातच. त्या वयात अडीच वर्षांचा फरक म्हणजे खांद्याची रुंदी, दाढी आणि धावण्याचा वेग, सगळंच वेगळं.

दर दोन वर्षांच्या स्पर्धेत आणखी एक अडचण होती, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१७ साठी २००० नंतरचे, २०१९ साठी २००२ नंतरचे. मग डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेल्या मुलाने काय करायचं? २०१७ मध्ये तो पंधराचा, म्हणून संघात जागा मिळणं कठीण. २०१९ मध्ये काही दिवसांनी बाद. जन्मतारीख एका महिन्याने पुढे सरकवली की तोच मुलगा स्पर्धेतला सर्वांत मोठा आणि बळकट खेळाडू ठरतो. वयातली सगळी फसवणूक पाच-सहा वर्षांची नसते. मोह बऱ्याचदा एवढाच, काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो, आणि असा छोटा फरक कोणतंही मशीन पकडू शकत नाही. २०२५ पासून विश्वचषक दरवर्षी होऊ लागला आहे. त्यामुळे ‘चुकीच्या वर्षी जन्मलेल्या’ मुलांची ही कोंडी बरीच सुटेल.

कागदांवर भिस्त का ठेवता येत नाही? युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही आणि त्यांतली निम्म्याहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. अशा मुलाची नोंद शाळेत जाताना, परीक्षेला बसताना किंवा थेट पासपोर्ट काढताना होते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंच परंपरेच्या देशांत न्यायालयासमोर साक्षीदार उभे करून जन्माचा दाखला मिळवण्याची कायदेशीर सोय आहे. ती सोय गरजेची आहे, नाही तर लाखो मुलं कागदावर अस्तित्वातच येणार नाहीत. पण तारीख तोंडी साक्षीवर ठरते आणि एकदा दाखला निघाला की त्यावरून काढलेला पासपोर्ट शंभर टक्के खरा असतो. म्हणजे खरा पासपोर्ट, त्यावर चुकीची तारीख. स्पर्धेतला अधिकारी पासपोर्ट कितीही उलटून-पालटून पाहो, त्यात खोट सापडणार नाही, कारण पासपोर्ट बनावट नसतोच.

म्हणून शरीराकडे वळावं लागलं. अंगठ्याच्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत येणारं हाड म्हणजे रेडियस. त्याच्या मनगटाकडच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते या पट्टीमुळे. वयात आल्यावर ही कूर्चा हळूहळू हाडात बदलते, पट्टीच्या दोन्ही बाजूंची हाडं जुळतात आणि शेवटी पट्टी नाहीशी होते. मुलग्यांमध्ये मनगटातली ही पट्टी शरीरातल्या बऱ्याच पट्ट्यांपेक्षा उशिरा, साधारण सतरा वर्षांच्या पुढे-मागे बुजते. नेमकं हेच वय स्पर्धेला हवं आहे, म्हणून मनगट निवडलं.

एक्स-रेमध्येही हे दिसतं. भारतात बीसीसीआय वयोगटाच्या क्रिकेटसाठी टीडब्ल्यू-३ नावाची पद्धत वापरतं, तीत डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांना गुण देतात आणि त्यावरून ‘हाडांचं वय’ काढतात. महाराष्ट्रातल्या ज्या पालकांची मुलं अंडर-१६ च्या निवडीपर्यंत गेली आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. फिफाने मात्र एमआरआय निवडला. कारण साधं आहे: एक्स-रेमध्ये किरणोत्सर्ग असतो, थोडा का असेना, आणि आजारी नसलेल्या मुलाला केवळ खेळाच्या नियमासाठी तो देणं डॉक्टरी नीतीत बसत नाही. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात, किरणोत्सर्ग नाही.

चाचणीत मुलाचा डावा हात मनगटाच्या खास कॉइलमध्ये ठेवतात आणि काही मिनिटं तो अजिबात हलवू द्यायचा नाही. मनगटाचे पंजाच्या सपाटीला समांतर असे पातळ काप मशीन टिपतं. ज्या सेटिंगवर, म्हणजे टी-१ वर, हे काप घेतात, त्यात हाडातला चरबीयुक्त मगज पांढरट दिसतो आणि कूर्चा काळसर. त्यामुळे न जुळलेली पट्टी पांढऱ्या हाडातून आडव्या गेलेल्या काळ्या रेघेसारखी उठून दिसते. ती रेघ किती उरली आहे, त्यावरून सहा श्रेणी ठरतात. पहिल्या श्रेणीत पट्टी पूर्ण उघडी. दुसरीत रेघेत कुठे कुठे पांढरट ठिपके, म्हणजे जुळायला नुकती सुरुवात. तिसरीत निम्म्यापेक्षा कमी भाग जुळलेला, चौथीत निम्म्याहून जास्त. पाचवीत पट्टीचा फक्त एक तुकडा शिल्लक, कोणत्याही कापात ५ मिलिमीटरपेक्षा लहान. सहावीत काहीच नाही, हाड अखंड. नियम कठोर आणि सोपा आहे: सहावी श्रेणी आली की खेळाडू बाद, पाचवीपर्यंत पात्र.

ही मर्यादा कुठून आली? फिफाच्या वैद्यकीय संशोधकांनी स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना या चार देशांतल्या, जन्मतारखा खात्रीच्या असलेल्या १४ ते १९ वयाच्या ४९६ फुटबॉलपटूंची मनगटं तपासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सोळा वर्षांच्या मुलांपैकी एक टक्क्याहूनही कमी जणांचं हाड पूर्ण जुळलेलं होतं. त्या जोरावर २००९ च्या नायजेरियातल्या अंडर-१७ विश्वचषकापासून ही चाचणी सुरू झाली. त्या स्पर्धेआधी यजमान नायजेरियालाच आपल्या तयारीच्या चमूतले १५ खेळाडू वगळावे लागले.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि बातम्यांत नेमका तोच उलटापालटा होतो. ही चाचणी वय सांगत नाही. हाड पूर्ण जुळलं असेल तर ‘हा मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता फारच कमी’ एवढं ती म्हणते. हाड जुळलेलं नसेल तर ती जवळजवळ काहीच म्हणत नाही, कारण अठराव्या वर्षीही पुष्कळ मुलांची पट्टी पूर्ण बुजलेली नसते. उशिरा वयात येणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही आरामात पास होऊ शकतो. ‘एमआरआय पास’ याचा अर्थ ‘सतराच्या आतला’ असा नाही; ‘सतराच्या वरचा असल्याचा पुरावा सापडला नाही’ असा आहे. चाळणीची भोकं मुद्दामच मोठी ठेवली आहेत, म्हणजे खरी मुलं अडकू नयेत. मला ही निवड योग्य वाटते. दोन मोठी मुलं सुटली तरी चालेल, पण एका खऱ्या सोळा वर्षांच्या मुलावर फसवणुकीचा शिक्का बसू नये.

तरीही तो बसू शकतो. एक टक्का हे प्रमाण धरलं आणि संघ २१ जणांचा असला, तर साधारण पाच संघांमागे एक निर्दोष मुलगा बाद होईल. १६ संघांच्या स्पर्धेत असे तीनेक. त्यात वरचा जन्मतारखेचा हिशेब मिसळा. संशोधनातला तो एक टक्का सोळा वर्षांच्या मुलांचा आहे, पण स्पर्धा खेळताना नियमात बसणारे कितीतरी जण सतरा ओलांडून गेलेले असतात. म्हणजे स्कॅन जितकं उशिरा, तितका प्रामाणिक मुलगा बाद होण्याचा धोका जास्त. जानेवारीत जन्मलेल्या खेळाडूचं स्कॅन आदल्या वर्षी झालेलं असणं आणि ते जपून ठेवलेलं असणं, हे त्याचं खरं संरक्षण आहे.

आफ्रिकी मुलांची हाडं लवकर जुळतात का, असाही आक्षेप घेतला जातो. मूळ अभ्यासात सहाराच्या दक्षिणेकडचा एकही देश नव्हता, ही उणीव मान्य करायलाच हवी. पण एक गोष्ट उलट दिशेची आहे: लहानपणी पोट नीट भरलं नसेल तर हाडांची वाढ लांबते, लवकर संपत नाही. गरिबीत वाढलेल्या मुलाच्या बाबतीत चाचणी कडक होण्याऐवजी सैलच पडते.

प्रत्यक्षात चुका कुठे होतात? पहिली चूक हात हलण्याची. चित्र पुसट झालं की पाचव्या श्रेणीतला तो बारीकसा काळा तुकडा दिसेनासा होतो आणि पाचवी सहावी भासते. अशा वेळी स्कॅन पुन्हा घ्यायचं, अंदाजाने श्रेणी द्यायची नाही. दुसरी चूक वाचणाऱ्याची. पाचवी आणि सहावी यांतला फरक सवयीच्या डोळ्यालाच कळतो, म्हणून दोन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांचं मत न पाहता स्वतंत्र वाचन करायला हवं, आणि त्यांना खेळाडूचं नाव किंवा देश ठाऊक नसावा. तिसरी गोष्ट चूक नसून लबाडी असते: स्कॅनला दुसराच मुलगा पाठवायचा. त्यावर उपाय म्हणजे मशीनच्या दारातच पासपोर्ट आणि चेहरा पडताळणं, स्कॅनवर नाव आणि क्रमांक तिथेच टाकणं आणि सामन्याच्या दिवशी पुन्हा ओळख पटवणं. स्कॅन कितीही चांगलं असलं तरी ते कुणाच्या मनगटाचं आहे, हे माणसानेच पाहावं लागतं.

संघटनांची मोठी चूक मात्र वेळापत्रकाची असते. नायजेरियाचं २०१६ चं उदाहरण घ्या. नायजेरिया तेव्हा सलग दोनदा, २०१३ आणि २०१५ मध्ये, अंडर-१७ विश्वविजेता होता. ऑगस्ट २०१६ मध्ये नायजरविरुद्धच्या पात्रता सामन्याच्या तोंडावर २६ खेळाडू एमआरआयमध्ये नापास झाले. संघ घाईघाईने नव्याने उभा करावा लागला. दोन सामन्यांच्या लढतीत नायजर पुढे गेला, गॅबनला पोहोचला आणि तिथून भारतात आला. आपण नवी मुंबईत नायजर पाहिला आणि विश्वविजेता नायजेरिया पाहिला नाही, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. कॅमेरूनमध्येही तेच घडलं. २०२३ च्या चषकाच्या पात्रता फेरीआधी सॅम्युएल इटो अध्यक्ष असलेल्या संघटनेने स्वतःच चाचण्या घेतल्या, तेव्हा ३० पैकी २१ खेळाडू बाद झाले. बातम्यांनी ‘कॅमेरूनची लाज’ असा सूर लावला. खरं तर संघटनेने स्वतःहून तपासणं ही सुधारणा होती. कमी पडली ती वेळ.

घडी नीट बसवायची असेल तर क्रम असा हवा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा मोठा चमू आधी निवडायचा आणि शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात सर्वांचं स्कॅन करायचं, प्रशिक्षकाने डावपेच बसवण्याआधी. चौथी-पाचवी श्रेणी आलेल्यांची वेगळी नोंद ठेवायची, कारण काही महिन्यांत ते प्रामाणिकपणेच सहावीत जाऊ शकतात. त्यांच्या प्रत्येक जागेसाठी पर्यायी खेळाडू तयार हवा, विशेषतः गोलरक्षक, कारण तिथे दुसऱ्या जागेवरचा खेळाडू ढकलता येत नाही. पात्रता फेरीच्या दोन-तीन आठवडे आधी पुन्हा तपासायचं. आणि बाद झालेल्यांची नावं जाहीर करायची नाहीत. ती अल्पवयीन मुलं असू शकतात आणि निकाल फक्त संभाव्यतेचा असतो.

जिथे हाड गप्प बसतं तिथे जुने कागद बोलतात. २०१९ मध्ये टांझानियात गिनीचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि कॅमेरूनकडून पेनल्टींवर हरला. पण सेनेगलने तक्रार केली होती: गिनीच्या दोन खेळाडूंच्या जन्मतारखा, २०१७ मध्ये जपानमधल्या एका स्पर्धेत नोंदवलेल्या तारखांशी जुळत नव्हत्या. कॅफने गिनीला अपात्र ठरवलं, पुढच्या दोन स्पर्धांसाठी बंदी घातली आणि ब्राझीलच्या विश्वचषकात गिनीऐवजी सेनेगल गेला. हे प्रकरण एमआरआयने उघड केलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एका यादीने केलं. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये काही खेळाडूंच्या तारखा आधीच्या स्पर्धांशी जुळल्या नाहीत, म्हणून फिफाने नायजेरियावर युवा स्पर्धांसाठी दोन वर्षांची बंदी घातली होती, तीही कागदाच्या तुलनेवरच. आणि हा रोग आफ्रिकेचाच आहे असं कुणी म्हणालं तर त्याला मेक्सिकोचं उदाहरण द्यावं. १९८८ मध्ये युवा पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवल्याबद्दल मेक्सिकोवर बंदी आली आणि त्यांना १९९० च्या मुख्य विश्वचषकाला मुकावं लागलं.

म्हणूनच फिफाची प्रत्येक खेळाडूला एकच कायमचा क्रमांक देणारी नोंदणी पद्धत लांबच्या पल्ल्यात स्कॅनइतकीच महत्त्वाची ठरेल. मुलाची तारीख बाराव्या-तेराव्या वर्षी एकदा नोंदली गेली की नंतर ती सरकवणं अवघड होतं. तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं की हा मुलगा पुढे भारी खेळाडू होणार आहे, त्यामुळे खोटं बोलायचं कारणही कमी असतं.

एमआरआयमुळे आफ्रिकेची ताकद ओसरली का? आकडे तसं म्हणत नाहीत. नायजेरियाच्या पाच अंडर-१७ विश्वविजेतेपदांपैकी दोन, २०१३ आणि २०१५ ची, एमआरआय सुरू झाल्यानंतरची आहेत, आणि २०१५ चा अंतिम सामना तर नायजेरिया विरुद्ध माली असा, दोन आफ्रिकी संघांत झाला.

राहिल्या मुली. त्यांच्या अंडर-१७ स्पर्धांसाठी ही चाचणी वापरत नाहीत. मुलींची मनगटाची पट्टी मुलग्यांपेक्षा लवकर बुजते, त्यामुळे सतराच्या आतल्या कितीतरी मुलींचं हाड आधीच पूर्ण जुळलेलं असतं, आणि २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात संशोधकांनी मुलींसाठी ती वापरू नये असं स्पष्ट सुचवलं. त्यामुळे मुलींच्या बाबतीत भिस्त पासपोर्ट आणि आधीच्या स्पर्धांच्या याद्या अशा कागदांवरच ठेवावी लागते.